प्रेमिलाचं मरण आणि बेशरमचं झुडूप

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालच्या जानेवारीतली. साल मुद्दाम सांगते, कारण आमच्या वडशात आता जो तो ही गोष्ट आपल्या सोयीच्या सालात घालतो. शेजारचे नानाजी तर ती कोरोनाच्या आधीची म्हणून सांगतात. तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस जास्त होते, एवढंच त्याचं कारण. मी चौतीस वर्षं शाळेच्या हजेरीपटावर तारखा टाकल्या आहेत. माझी तारीख चुकत नाही.

माझ्या बहिणीचा मुलगा प्रवीण लग्नाचे व्हिडिओ काढतो. वय चाळीस, पोट पंचेचाळीसचं. संक्रांतीला तो तिळगूळ घ्यायला आला आणि फाटकातूनच ओरडला, "मावशी, वेस्टर्न करून राह्यलो! तुझ्या घरापासूनच सुरुवात करू म्हनतो!"

कुंपणाच्या भिंतीपलीकडे नानाजी तुळशीला पाणी घालत होते. त्यांना कमी ऐकू येतं असं ते सांगतात, पण ते फक्त त्यांच्या बायकोच्या बाबतीत खरं आहे. तिळगूळ तोंडात विरघळायच्या आत त्यांचं डोकं भिंतीवर आलं.

"चांगलं केलं बाई. या वयात उकिडवं बसनं म्हनजे गुडघ्याचा सत्यानाश. आमच्या साळ्यानं बसवलं वेस्टर्न, पन पाईप टाकला तीन इंची. आता पस्तावून राह्यला. तुमी चार इंचीच टाका."

तासाभरात समोरच्या घरातून एक मिस्त्री आला आणि माझ्या न्हाणीघराची मापं घेऊन गेला. दुपारी दोन शेजारणी आपापल्या गुडघ्यांचे अनुभव सांगून गेल्या. वेस्टर्न म्हणजे सिनेमा, हे मला स्वतःला संध्याकाळी कळलं.

प्रवीणने लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर असले पुष्कळ सिनेमे पाहिले होते. घोडे, गोल टोप्या, बंदुका, एक कायद्याचा माणूस आणि बाकीचे सगळे बेकायदेशीर. "त्याच्यात लोक बोलत नाईत मावशी, नुसते पाहत राहतात. म्हनून खर्च कमी," हा त्याचा मुख्य मुद्दा होता. वाळवंट लागतं, तर वैनगंगेचं कोरडं पात्र घरामागे होतंच. "आपल्या मागं वाळवंट पडलं आहे, अन् आपन धान लावत बसलो!" असं तो इतक्या कळवळ्याने म्हणाला की मला क्षणभर आपल्या साऱ्या तालुक्याची लाज वाटली.

त्याची पटकथा मी लाल पेनने तपासली. त्यात कायद्याच्या माणसाचं नाव 'शेरीफ' होतं. मी म्हटलं, आपल्याकडे गावात असा माणूस म्हणजे पोलीस पाटील. प्रवीणला ते पटलं. मग नावही आमच्या रीतीचं ठरलं: 'गोळी चुकली नशिबाची, अर्थात पोलीस पाटलाचा सूड'. आमच्या भागात 'अर्थात' नसलेल्या खेळाला लोक येत नाहीत. एका नावात दोन खेळ मिळाल्यासारखं वाटावं लागतं.

आणि मग तो म्हणाला, "डाकूची माय तू कर मावशी. चार सीन आहेत. शेवटी मरतेस."

मी "छे, या वयात काय" असं म्हटलं. हे म्हणायचं असतं म्हणून म्हटलं. तो गेल्यावर लगेच दार लावून मरून पाहिलं.

मरताना डाकूची आई मुलाला दोन शब्द सांगते, असं पटकथेत होतं. दोन शब्दांत कोणती आई मेली आहे? मी दीड पानाचं भाषण लिहिलं. त्यात वैनगंगा होती, आईचं दूध होतं, धानाच्या लोंब्या होत्या, आणि शेवटी 'बाळा, बंदूक खाली ठेव, माझे हात रिकामे आहेत' हे वाक्य होतं, ज्यावर मी स्वतःच दोनदा रडले. आठ दिवस तालीम केली. फरशी टणक म्हणून दिवाणावर मरत असे. एकदा दूधवाला दारात असताना मेले, तर तो किटली तिथेच टाकून नानाजींना बोलवायला पळाला. नानाजी ग्लुकोजची पुडी घेऊन आले. मी उठून बसले आणि म्हटलं, अभिनय आहे. ते म्हणाले, "पडताना डोक्याखाली हात घेत जा. आमच्या साळ्याचा..." मी त्यांना तिथेच थांबवलं. त्यांना पोलीस पाटलाचं काम मिळालं होतं, त्यामुळे ते हल्ली सल्ला देताना कमरेवर हात ठेवत.

नवव्या दिवशी प्रवीण अर्धा किलो संत्र्याची बर्फी घेऊन आला. तेव्हाच मी ओळखलं. हा मुलगा फुकट काही आणत नाही.

"मावशी, प्रेमिलाबाई हो म्हनल्या."

"कशाला?"

"मायले."

"कोणाच्या मायले?"

"डाकूच्या," तो बर्फीकडे पाहत म्हणाला. "पोस्टरवर त्यांचं नाव असलं का गावोगावी लोक येतीन. तुझं नाव मी आभारात टाकतो ना."

आभारात! जिथे मंडपवाला असतो आणि जिथे जनरेटरवाला असतो, तिथे.

आता प्रेमिला कोण हे सांगायला हवं. दिवाळी ते होळी आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम असतो. वडशातून कंपन्या टेम्पोत पडदे आणि माणसं भरून खेड्याखेड्यांत जातात. त्या नाटकांत प्रेमिलाने पंचेचाळीस वर्षं कामं केली. अजूनही बाजारात गेली की भाजीवाली तिला वांगी जास्त घालते. मी तिच्याच वयाची. मी अर्ध्या वडशाला बाराखडी शिकवली. मला भाजीवाली, जी माझीच विद्यार्थिनी आहे, एक वांगंही जास्त घालत नाही.

पण मुळातलं दुखणं वांग्याचं नाही. सत्त्याहत्तर साली आमच्या गावच्या मंडळाचं नाटक होतं. सगळ्यांच्या भूमिकांच्या नकला मी लिहून दिल्या होत्या, म्हणून अख्खं नाटक मला पाठ. ऐन वेळी नागपूरची नायिका आलीच नाही. मंडळाचे लोक आमच्या दारात आले. माझे वडील मास्तर. ते म्हणाले, "मास्तराची पोरगी तोंडाला रंग लावणार नाही." मग शेजारची प्रेमिला उभी राहिली. तिला एक ओळ येत नव्हती. मी विंगेत बसून पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत प्रत्येक वाक्य तिला सांगितलं. ती माझ्या तोंडातून घ्यायची आणि लोकांना द्यायची. टाळ्या मात्र परत माझ्याकडे यायच्या नाहीत. तिसऱ्या अंकात एकदा मनात आलं होतं, आता गप्प बसावं. बसले नाही. ते राहून गेलं होतं.

त्या नाटकात तिला साडी बक्षीस मिळाली. जांभळी. मी अजून जांभळी साडी घेत नाही.

असो. बर्फी मी ठेवून घेतली.

दरम्यान बंदुका अडकल्या होत्या. सतरा बंदुका सुताराने उरल्यासुरल्या लाकडातून छान बनवल्या होत्या. पोलिसांकडची परवानगी एका दिवसात मिळाली. तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, खेळण्याच्या आहेत असं लेखी द्या, जंगलात जाऊ नका, नदीच्या पात्रातच काय ते करा. आम्हाला वाटलं, अवघड ते झालं. पण सुताराकडून येताना वनखात्याच्या एका नाक्यावर ऑटो थांबवला. नाकेदाराने गोणपाट वर केलं, बंदुका पाहिल्या, एक हातात घेतली आणि हुंगली.

"बंदुकीचं आमाले काई नाई," तो म्हणाला. "लाकूड सागवान आहे. वाहतुकीचा पास कुठी आहे?"

सागवानाचा तुकडा आमच्या जिल्ह्यात पासाशिवाय हलत नाही. मग तो खाटेचा पाय असो की दरोडेखोराचं पिस्तूल. प्रवीण मला घेऊन कचेरीत गेला, कारण अर्ज लिहायचा होता आणि अक्षर माझं. टेबलामागे बसलेला बाबू मला पाहून उभा राहिला. "बाई, तुमी मले तिसरीत होत्या!" मला भरून आलं. मग त्याने माझा अर्ज वाचला, आणि पेन काढून त्यावर रेघ मारली. चौतीस वर्षं मी त्याच्यासारख्यांच्या वह्यांवर रेघा मारल्या. माझ्या लेखनावर रेघ मारणारा हा पहिला.

"बाई, 'मालाचं वर्णन' या रकान्यात बंदूक लिहता येत नाई. ओंडका, फाटा, चौकट, नाई तर फर्निचर. याच्यातलं एक लिहा."

"पण त्या बंदुका आहेत रे!"

"तुमीच शिकवलं बाई, विचारलं तेवढंच उत्तर लिहावं."

शेवटी 'फर्निचर, लहान, नग सतरा' असं मी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. नियमाप्रमाणे प्रत्येक नगावर खात्याच्या हातोड्याचा शिक्का बसला. म्हणून आमच्या सिनेमात पाहाल, तर बंदूक जवळून दाखवली की मुठीवर शिक्का दिसतो. पोलीस पाटील आणि डाकू दोघेही वनखात्याच्या मंजुरीने एकमेकांवर गोळ्या झाडतात.

चित्रीकरण फेब्रुवारीत सुरू झालं. मी जाणार नव्हते. पण डबा पोहोचवायला कोणीतरी हवं, म्हणून गेले. डबा कोणी मागवला नव्हता.

पहिलाच प्रसंग हुकला. प्रवीणच्या पटकथेत 'डाकू सलूनमध्ये घुसतो, मारामारी' असं लिहिलं होतं. त्याच्या सिनेमांतलं सलून म्हणजे दारूचा गुत्ता, हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, आणि मलाही लाल पेनने ते दिसलं नाही. व्यवस्था नानाजींकडे. त्यांनी बसस्टँडजवळचं पत्रूचं सलून ठरवलं आणि पत्रूला बजावलं, "कॅमेऱ्याकडं पाहू नोको. नेहमीसारखं आपलं काम करत राह्य." डाकू होता खुशाल. आमच्या तलावात मासे धरणारा, गडी सहा फुटांचा, मिशी अशी की तिच्यासाठीच त्याला घेतलं होतं. तो बंदूक रोखून आत शिरला आणि ठरल्याप्रमाणे रुबाबात खुर्चीवर बसला. पत्रूने नेहमीसारखं आपलं काम केलं. प्रवीण कॅमेरा नीट करेपर्यंत अर्धी मिशी गेली होती. अर्धी ठेवता येत नाही, म्हणून उरलेलीही गेली.

"पत्रूभाऊ, काय केलं बे हे!" खुशाल आरशात पाहून हंबरला.

"तुमी बसले, मी केलं," पत्रू म्हणाला. "खुर्चीवर बसलेल्या मानसाले काय विचाराचं?"

दुसरी पंचाईत घोड्याची. सगळ्या तालुक्यात एकच जनावर मिळालं, झिंगूची लग्नातली घोडी, मयुरी. ती सोळा वर्षं नवरदेव वाहत होती. बँड वाजल्याशिवाय ती पाय उचलत नसे आणि माणसांचा घोळका दिसला की मांडव समजून थांबत असे. पाठलागाच्या प्रसंगात पोलीस पाटलाने, म्हणजे नानाजींनी, तिच्यावरून डाकूमागे दौडत जायचं होतं. शेवटी झिंगूने मोबाईलवर वरातीचं गाणं लावलं. सिनेमात तो प्रसंग तसाच आहे. पुढे खुशाल रेतीतून जिवाच्या आकांताने पळतोय, आणि मागून कायदा नाचत येतोय.

हे सगळं मी झाडाखाली बसून पाहत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. मग प्रेमिला आली.

पासष्टीची बाई, पण ऑटोतून उडी मारून उतरली. दात सगळे स्वतःचे. डाकूच्या आईची फाटकी साडी तिने अशी नेसली होती की फाटकी साडी हीच आता रीत होईल असं वाटावं. ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, प्रवीण "ॲक्शन" म्हणाला, आणि ती डावीकडे पाहत राहिली.

"प्रॉम्प्टर कुठी आहे?"

"बाई, सिनेमात प्रॉम्प्टर नसते."

"मंग तुमीच बोला सिनेमात. मी चालली."

पंचेचाळीस वर्षांत ती विंगेतून आवाज आल्याशिवाय एक वाक्य बोलली नव्हती. पाठ करणं तिला ठाऊकच नव्हतं. प्रवीणने माझ्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं, आणि हसली.

"कमळी बसली आहे ना तिथी. तिलेच बसवा. तिचा आवाज मले बरोबर लागते."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण ते दीड पानाचं भाषण माझं होतं. दुसऱ्या कोणी ते चुकीच्या ठिकाणी तोडून सांगितलं असतं, तर मी रेतीत पाय आपटून मेले असते.

तर माझी जागा झाली काठावरच्या बेशरमच्या झुडपामागे. ही वनस्पती कुठेही उगवते, उपटली तरी परत येते, जनावर तोंड लावत नाही. म्हणून तिचं नाव बेशरम. तिच्यामागे निवृत्त मुख्याध्यापिका खुर्ची टाकून बसली, हातात वही घेऊन. आठ दिवस मी पुढे बोलले आणि ती मागून बोलली. मधल्या वेळात मी स्वतःशी काय पुटपुटले असेन ते असेन. झुडपाला कान असतात असं कोणी मला सांगितलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी मरण होतं. आजूबाजूच्या गावांतून दोन-तीनशे माणसं आली. प्रेमिलाबाई मरणार म्हटल्यावर कोण घरी राहील? नानाजींनी बंदूक रोखली, झिंगूने फटाका वाजवला, प्रेमिला पडली, खुशालने तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी झुडपातून एकेक वाक्य सोडलं. तिने वैनगंगेला हाक मारली, दूध आणलं, लोंब्या आणल्या, आणि "माझे हात रिकामे आहेत" असं म्हणून हात असे पसरले की काठावर शिट्ट्या झाल्या.

"वन्स मोअर!" कोणीतरी ओरडलं. मग सगळेच.

आणि प्रेमिला सवयीने उठली. रेती झटकली, चारी बाजूंना नमस्कार केला, आणि परत जाऊन पडली.

"बाई, उठू नोका ना!" प्रवीण केस उपटत होता. "मेलेल्या बाईले नमस्कार नसते!"

दुसऱ्यांदा ती पहिल्यापेक्षा चांगली मेली. पण मध्येच एक म्हातारा डोळे पुसत आला आणि बक्षिसाची नोट तिच्या पदराला टाचून गेला. तोही कॅमेऱ्यात आला. आता ऊन उतरत होतं, आणि कॅमेऱ्याची बॅटरी शेवटच्या काडीवर होती. प्रवीणने लोकांसमोर हात जोडले. "आता तरी चूप राहा. एकच डाव उरला आहे."

लोक चूप झाले. फटाका वाजला, ती पडली. तिने मान वळवली आणि झुडपाकडे पाहिलं.

माझ्यासमोर वही होती. पहिलं वाक्य जिभेवर होतं. मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

मी ठरवलं नव्हतं. पण सत्त्याहत्तर सालापासून जे राहून गेलं होतं ते आडवं आलं. मनात म्हटलं, बोल आता. तीनशे माणसं आहेत, उन्हाची शेवटची तिरीप आहे. बोल माझ्याशिवाय.

तिने वाट पाहिली. परत झुडपाकडे पाहिलं. तेव्हा तिच्या डोळ्यांत जे आलं ते अभिनयाचं नव्हतं. ती घाबरली होती. पडद्याबाहेर पहिल्यांदा एकटी राहिलेल्या माणसासारखी. ओठ हलले, त्यातून काही आलं नाही. मग तिने हात वर केला आणि खुशालच्या तोंडावर ठेवला. मिशी होती त्या जागेवरून अंगठा फिरवला, जणू काही हे पोर पुन्हा लहान कसं झालं ते तिला कळत नव्हतं. खुशालला कोणी रडायला सांगितलं नव्हतं. तो रडला. तिचा हात घसरून रेतीत पडला, रिकामा.

शिट्टी नाही, वन्स मोअर नाही. तीनशे माणसांत कोणी खोकलं नाही. मयुरीसुद्धा तीन पायांवर उभी होती तशीच राहिली. "कट" म्हणायचं प्रवीण विसरला. बॅटरीनेच शेवटी कट म्हटलं.

मी तिला पाडायला गेले होते, आणि मीच तिला उचलून पाटावर बसवलं. दीड पान! वैनगंगा, दूध, लोंब्या! एकाचीही गरज नव्हती.

माणसं पांगल्यावर ती रेती झटकत झुडपामागे आली. खाली माझ्या खुर्चीपाशी बसली.

"झोप लागली होती काय वं कमळे?"

"खोकला आला होता."

"खोकला ऐकू येते." ती जरा वेळ पायाच्या बोटांतली रेती काढत राहिली. "सत्त्याहत्तर साली काऊन नाई आला?"

मी वही बंद केली.

"त्या दिवशी मी साऱ्या नाटकात तुझ्याकडेच पाहून राह्यली होती. आता गप्प होते, मंग गप्प होते. तू गप्प झाली असती, तर मी घरी गेली असती. शिकली असती तुझ्यासंगं. तुले नोकरी, पेन्शन, सोताचं घर. मी पंचेचाळीस वर्षं टेम्पोत पडद्यावर झोपली. तुझ्या घरावरून टेम्पो जाये तवा तुझा लाईट दिसे. असा राग ये मले!"

म्हणजे इतकी वर्षं तीसुद्धा माझा हेवा करत होती. यावर मला गहिवरून यायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला आवडलं नाही. हेवा ही एकच गोष्ट मी तिच्यापेक्षा जास्त केली, असा माझा समज होता. त्यातही ती बरोबरीला आली.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, सिनेमा दाखवला. मंडप भरला होता. प्रवीणने मला आणि प्रेमिलाला पहिल्या रांगेत शेजारी बसवलं. पोस्टरवर तिचं नाव माझ्या घराच्या दाराएवढं होतं. नावाची पाटी लागली, मयुरीचे घुंगरू वाजले, डाकूच्या आईने तोंड उघडलं. आणि कर्ण्यातून खणखणीत आवाज आला, शाळेच्या प्रार्थनेच्या वेळचा, माझा: "बाळा, दार लाव. बाहेर कायदा फिरतोय." मग लांबून, विहिरीतून आल्यासारखी, प्रेमिला: "बाळा, दार लाव. बाहेर कायदा फिरतोय."

प्रवीणकडे माईक एकच होता. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून त्याने तो झुडपात लपवला होता. माझ्या झुडपात.

"माझा आवाज काढून का नाही टाकला?" मी दात आवळून विचारलं.

"तुझा काढला का त्यांचाही जाते मावशी," तो मागून कुजबुजला.

आवाजाचं एक वेळ चाललं असतं. पण मी मधल्या वेळात जे पुटपुटले होते, तेही माईकने इमानदारीने ठेवलं होतं. प्रेमिला पडद्यावर रडत होती आणि वरून माझा आवाज सांगत होता, "हात पाहा कसे नाचवते." ती पाणी भरत होती आणि मी म्हणत होते, "कलप लावलाय. डाकूच्या आईला कलप!" मंडप हसून लोळत होता. शेजारच्या खुर्चीवर प्रेमिला पदर तोंडात कोंबून हलत होती. मी समोर पाहत बसले. प्रतिष्ठा गेली की मान ताठ ठेवावी, कारण ठेवायला तेवढंच उरतं.

पण हळूहळू गंमत झाली. लोकांना सवय लागली. मागच्या बाया म्हणू लागल्या, तो म्हातारीच्या मेलेल्या मायचा आवाज आहे, वरून सांगून राह्यली. आधी मी काय सांगते याची ते वाट पाहू लागले. मग शेवट आला. फटाका, रेती, मान वळली. आणि अख्खा मंडप कर्ण्याकडे कान लावून थांबला, मी काय सांगते म्हणून. मी काहीच सांगितलं नाही. त्या बाईला या जगात आणि त्या जगात कोणी काही सांगणारं उरलं नाही, हे लोकांना तेव्हा कळलं. मागे एक बाई हुंदका देऊन रडली.

प्रेमिलाचा हात रेतीत पडला. आणि पडदा काळा व्हायच्या आधी, कर्ण्यातून अगदी हळू, माझा आवाज आला. तो मला आठवतही नव्हता.

"जमलं वं प्रेमा. जमलं."

आता कोण कुठे आहे ते सांगते. प्रवीण पुन्हा लग्नाचे व्हिडिओ काढतो. त्याच्या सिनेमाच्या शेवटी आता 'आवाज: कमळाबाई' अशी पाटी आहे, आभाराच्या वर. नानाजींना लोक पोलीस पाटील म्हणतात आणि ते खुलासा करत नाहीत. खुशालची मिशी परत आली, पण त्याच्या बायकोला ती आता नको आहे. दोघांचा वाद चालू आहे. पत्रूने दुकानावर 'सिनेमावाले सलून' अशी पाटी लावली. मयुरी मागच्या पावसाळ्यात गेली. झिंगूने तिचा घुंगरांचा पट्टा दुसऱ्या घोडीला घातला नाही, तो त्याच्या दारावर टांगलेला आहे. कचेरीतला बाबू मोठ्या पदावर गेला, भेटला की पाया पडतो आणि विचारतो, "बाई, फर्निचर कसं आहे?" एक नग माझ्याकडे आहे. मागच्या दाराला अडसर म्हणून लावते. शिक्का वर ठेवते.

प्रेमिला अजून कामं करते. दोन हंगाम झाले, मी तिला सांगायला विंगेत बसते. टेम्पोत पुढची जागा माझी असते. तशी मी अटच घातली आहे. वडशाला आली की ती माझ्याकडेच उतरते, म्हणून मी शेवटी वेस्टर्न बसवून घेतलं. पाईप चार इंची. नानाजी समोर उभे होते.

त्या शेवटच्या वाक्याबद्दल मात्र एकदा स्पष्ट करते. मी 'जमलं' म्हटलेलं नाही. 'संपलं' म्हटलं होतं. 'संपलं वं प्रेमा, संपलं.' चित्रीकरण संपलं, एवढाच त्याचा अर्थ. माईक हलका होता आणि मध्ये बेशरमची पानं होती, म्हणून ऐकणाऱ्यांचा घोटाळा होतो. प्रेमिलाला हे मी शंभरदा सांगितलं आहे. ती ऐकून घेते, आणि परवा तिने मला दिवाळीची साडी आणली. जांभळी. मी ठेवून घेतली आहे. नेसेन की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.